लेकराची भाकर आणि आपला उपदेश

विवाह अभंग आहे, हे आम्ही धर्मगुरू वेदीवरून अखंड सांगतो. पण आनंदनगरच्या कारखान्यात पगार घेणारा बाप घर सोडून जातो, तेव्हा त्याच्या बायकोला आपण काय सांगतो? ‘‘कोर्टाची पायरी चढू नकोस, बाई. नाचक्की होईल.’’ हा उपदेश सात्त्विक नव्हे, क्रूर आहे.

पोटगी मागणे म्हणजे घटस्फोट मागणे नव्हे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, विवाह कायम असतानाही, आई स्वतःसाठी व लेकरांसाठी अर्ज करू शकते. तोही ती राहते तेथील न्यायालयात. १९८७च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो. ‘रजनीश विरुद्ध नेहा’ या २०२०च्या निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. म्हणजे आपण तिला थोपवलेला प्रत्येक महिना लेकराच्या ताटातून वजा होतो!

काही बापांचा निराळाच भ्रम. धर्मपीठाने विवाह शून्यवत ठरवला की आपण सुटलो! मॉली जोसेफ खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, अशा निर्णयाने कायद्यातला विवाह संपत नाही. खुद्द कॅनन १६९१ सुद्धा निर्णय देतानाच मुलांच्या पालनपोषणाचे कर्तव्य उभयतांना स्मरण करून द्यायला सांगतो.

मुलांचा ताबा हे जिंकणाऱ्याचे बक्षीस नव्हे. न्यायालय मुलाचे हित पाहते. आणि ताबा आईकडे गेला म्हणून बापाचे देणे फिटत नाही.

बंधूंनो, अभंगतेचा उपदेश जरूर करू. पण त्याआधी त्या माउलीबरोबर न्यायालयाची पायरी चढू.