गाडीचा ‘मेंदू’ बदलण्याआधी



हातावर पोट असणाऱ्या घरातली गाडी बंद पडली की मुलांची फी, पतपेढीचा हप्ता, वाण्याची उधारी असे सगळेच अडून बसते. अशा घाईच्या वेळी माणूस कोणी सांगेल तो खर्च करून मोकळा होतो. आमच्याच नात्यात घडलेली हकिगत आज सांगतो. ती ऐकून एखाद्या घरचे चार पैसे वाचले तरी पुष्कळ झाले.

माझा भाचा शाळेची व्हॅन चालवतो. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. भाचेसून त्याच गाडीत मुलांची मदतनीस म्हणून असते. मागच्या पावसाळ्यात गाडी झटके देऊ लागली. शाळा चालू, खाडा परवडणारा नव्हता, म्हणून भाच्याने ती तशीच रेटली. एके दिवशी दुपारी चार सिलिंडरपैकी दोनच काम करू लागले. गाडी थरथरू लागली, साधा चढ चढेना. मिस्त्रीने प्लग बदलले, पण फरक पडला नाही. तेव्हा तो म्हणाला, “ई.सी.एम. गेला. नवा १८ हजार, जुना मिळाला तर ६ हजार.”

भाचेसुनेने बचत गटातून कर्ज उचलले. भंगार बाजारातून जुना ई.सी.एम. आणला, किल्ली जुळवायला आणखी अडीच हजार गेले. गाडी झकास चालली आणि चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा तोच आजार! दुकानदाराने हात वर केले, “इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नसते.” साडेआठ हजार रुपये पाण्यात गेले.

हा मेंदू करतो काय?

पूर्वीच्या पेट्रोल गाडीत कार्बोरेटर असे. मिस्त्री स्क्रू फिरवून, आवाज ऐकून गाडी ट्यून करी. पुढे धुराचे नियम कडक होत गेले. भारत स्टेज-४ हे नियम २०१० साली मोठ्या शहरांत आणि २०१७ साली देशभर आले, २०२० पासून भारत स्टेज-६ आहे. इंधन नेमके मोजून जाळल्याशिवाय हे नियम पाळता येत नाहीत. ते मोजण्याचे काम ई.सी.एम. म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर करतो. वहीएवढ्या आकाराचा हा डबा डॅशबोर्डखाली, सीटखाली किंवा बॉनेटमध्ये असतो. इंजिन किती वेगात फिरते, किती तापले, हवा किती आत येते याची खबर सेन्सर त्याला देतात. त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडायचा आणि ठिणगी केव्हा टाकायची हे तो ठरवतो.

तो जळतो का?

हा डबा सहसा आपोआप मरत नाही, त्याला बाहेरचे काहीतरी मारते. पहिला शत्रू पाणी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या ई.सी.एम.च्या पिनांना पुढे हिरवट गंज धरतो. दुसरा शत्रू बॅटरीच्या वायरी उलट लावणे. तिसरा, बॅटरी न सोडवता गाडीला वेल्डिंग मारणे. चौथा, शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल किंवा इंजेक्टर. यांतून जास्त करंट खेचला जातो आणि ई.सी.एम.मधला तो चालवणारा ट्रान्झिस्टर जळतो. फार जुन्या बोर्डात कपॅसिटर गळतात, हादऱ्यांनी डाग सुटतात.

म्हणून पहिला नियम असा : मारणारा सापडेपर्यंत नवा डबा बसवू नका. नाहीतर तोही मरतो.

आधी हे तपासून घ्या

१) बॅटरी. गाडी बंद असताना साधारण साडेबारा व्होल्ट आणि चालू असताना चौदाच्या आसपास दाखवले पाहिजेत. बॅटरी कमजोर असली की स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळते आणि चांगला ई.सी.एम.ही बावचळतो.

२) किल्ली ‘ऑन’ केल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागतो का? मागच्या टाकीत पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येते का? दोन्ही नसेल तर ई.सी.एम.ला करंटच पोचत नसेल. फ्यूज, मेन रिले आणि अर्थची वायर पाहा. गंजलेल्या एका अर्थमुळे कितीतरी चांगले ई.सी.एम. भंगारात गेले आहेत.

३) वायरी. पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात. दिसायला लहान गोष्ट, पण गाडी बंद पाडते.

४) सेन्सर. ई.सी.एम. बऱ्याच सेन्सरना पाच व्होल्ट पुरवतो. एक सेन्सर शॉर्ट झाला तरी सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात आणि डबा मेल्यासारखा दिसतो. किल्ली बंद करून एक सेन्सर सोडवायचा, मग किल्ली लावून व्होल्टेज पाहायचे, असे एकेक करत जावे. ज्याला सोडवल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो चोर!

५) स्कॅनर लावला असेल तर आलेला कोड कागदावर लिहून घ्या. कोड कोणत्या भागाकडे बोट दाखवतो एवढेच तो सांगतो. तो भाग खराबच आहे असे त्यावरून ठरत नाही.

वहीने चोर पकडला

आता पुन्हा भाच्याकडे. पैसे गेल्यावर दोघे एका वयस्क वायरमनकडे गेले. त्याने गाडीला हात लावण्याआधी विचारले, “झटके सकाळी देते की दुपारी?” भाच्याला नीट सांगता येईना. भाचेसुनेने पिशवीतून वही काढली. पेट्रोल किती, पंक्चर कधी, कोणते मूल गैरहजर, सगळे तिच्या अक्षरात लिहिलेले. त्यात जून महिन्यातल्या पाच-सहा दिवसांपुढे नोंद होती : ‘दुपारच्या फेरीला झटके. सकाळी ठीक.’

वायरमन म्हणाला, “ताई, निम्मे काम तुम्हीच केले.”

त्या इंजिनाला दोन कॉइल, एकेक कॉइल दोन-दोन सिलिंडर सांभाळते. थंड असताना त्याने दोन्ही मीटरने मोजल्या, तर जवळजवळ सारख्या. मग इंजिन अर्धा तास चालवून, बंद करून पुन्हा मोजल्या. एकीचा रेझिस्टन्स दुसरीपेक्षा पुष्कळ खाली आलेला! तापली की ती आतून शॉर्ट होत होती. तिनेच पहिला ई.सी.एम. जाळला आणि दुसराही. कॉइलची अदलाबदल करून पाहू का, असे भाच्याने विचारले. वायरमन म्हणाला, “तसे करशील तर उरलेले दोन सिलिंडरही घालवशील.”

नवी कॉइल १८०० रुपयांना आली. मूळ ई.सी.एम. बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे दिला. त्याने जळका ट्रान्झिस्टर बदलून ३ हजार घेतले. एकूण ४८०० रुपयांत गाडी रस्त्यावर आली. भंगारातून आणलेला डबा तसाच जळका, माळ्यावर पडून आहे.

बदलावाच लागला तर

बोर्ड दुरुस्त होण्यासारखा आहे का ते आधी विचारा. आपलाच बोर्ड नीट झाला तर किल्ली जुळवण्याचा खर्च बहुधा वाचतो.

जुना घेताना डब्यावरचा पूर्ण नंबर आपल्या डब्याशी ताडून पाहा. प्लग बसला म्हणजे डबा चालेल असे नाही. एकाच मॉडेलमध्ये साल, इंधन, ए.सी. यांप्रमाणे डबे वेगळे असतात.

बऱ्याच गाड्यांत चोरी टाळण्यासाठी किल्लीत चिप असते आणि ई.सी.एम. तीच किल्ली ओळखतो. दुसऱ्या गाडीचा डबा लावला की स्टार्टर फिरतो पण गाडी चालू होत नाही. जुळवणीचा खर्च भावातच ठरवा आणि घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. कॉमनरेल डिझेल गाडीत बहुधा प्रत्येक इंजेक्टरवर एक कोड छापलेला असतो. तो नव्या ई.सी.एम.मध्ये भरून घ्यावा लागतो.

बसवताना किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली हवी. पिनांना बोट लावू नये. डबा मूळ जागी, मूळ कव्हरसकट घट्ट बसवावा, लोंबकळत ठेवू नये.

पावती घ्या. तिच्यावर डब्याचा नंबर आणि किती दिवसांत परत घेणार ते लिहून घ्या. आर.सी.वर इंजिन आणि चेसिसचा नंबर असतो, ई.सी.एम.चा नसतो. म्हणून तो नंबर आपणच वहीत टिपून ठेवा. बिनपावतीचा माल चोरीचा निघाला तर लचांड आपल्या गळ्यात पडते. काढलेला जुना भाग मागून घ्या, तो आपला आहे.

आणि खर्चाआधी गाडीकडे एकदा नीट पाहा. पत्रा कुजलेला, इंजिन तेल पिणारे, पुढच्या फिटनेसची शंका, अशा गाडीत नवा डबा घालण्याआधी घरात बसून हिशेब करावा.

मिस्त्रीला प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे नव्हे. “ई.सी.एम. गेला हे कशावरून? तो कशाने गेला?” हे दोन प्रश्न शांतपणे विचारा. चांगला कारागीर आनंदाने उत्तर देतो. ज्याला राग येतो, त्याच्याकडे गाडी ठेवण्याआधी विचार करा.

ज्या घरात दहावी झालेला मुलगा किंवा मुलगी गाड्यांत रमते, त्यांनी आय.टी.आय.च्या मेकॅनिक मोटर व्हेईकल या ट्रेडची चौकशी जरूर करावी. मीटर धरता येणाऱ्या आणि कारण शोधणाऱ्या हातांना काम आहे.

भाचेसुनेचे बचत गटाचे शेवटचे दोन हप्ते राहिले आहेत. तिने आता गाडीसाठी वेगळी वही केली आहे. तुम्हीही आजच एक वही गाडीत ठेवा, सोबत पेन विसरू नका.