कढई कोणाच्या हातची?



नागभीडकडच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "आमच्या आजेसासूबाईंच्या काळापासून घरात एक लोखंडी कढई आहे. भंगारवाला वजनावर मागतो. ती कोणी केली असेल, हे ओळखता येते का?"

बाई, बरेचसे ओळखता येते. पण तोवर कढई विकू नका. पैसे चार दिवसांत खर्च होतील, कढई मात्र परत यायची नाही.

आधी ती ओतीव आहे की घडीव, ते पाहा. ओतीव म्हणजे बिडाची. ओतशाळेत बीड वितळवून साच्यात ओततात, म्हणून कढईचे कान अंगचेच असतात, त्यांना खिळे नसतात. कढई उपडी घालून उजेडात तिरपी धरा. रस जिथून ओतला तिथे पुष्कळदा खरबरीत रेघ किंवा टेंगूळ राहते. घडीव कढई लोहाराच्या ऐरणीवरची. तिचे कान वेगळे करून खिळ्यांनी ठोकलेले असतात. अंगावर हातोड्याचे उथळ ठसे दिसतात. घडीव भांडे पडले तर चेपते, बिडाचे फुटते. म्हणून पाडून पाहण्याची परीक्षा मात्र कोणी करू नये!

कढई बिडाची निघाली तर तिच्यावर अक्षरे शोधा. काजळीचा थर ओल्या राखेने हलकेच घासून काढा. मग बुडावर आणि कानांवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवा. डोळ्यांना न दिसणारी उठावाची अक्षरे कागदावर उमटतात. नुसता आकडा मिळाला तर ते साल समजू नका. तो बहुधा मापाचा किंवा साच्याचा असतो. नाव मिळाले तरी एक खबरदारी घ्या. दुसऱ्याच्या भांड्यावरूनच साचा काढून नक्कल ओतणारे असतात. बीड थंड होताना शंभराला सुमारे एक भाग आकसते, त्यामुळे नक्कल मूळ भांड्यापेक्षा जराशी लहान होते आणि अक्षरे बोथट येतात. अमेरिकेत ग्रिस्वोल्ड नावाच्या कारखान्याचे जुने तवे लोक हौसेने जमवतात. तिथेही अस्सल-नक्कल अशीच पारखतात.

आता आपल्या भागाची गोष्ट. आपल्या रानात पूर्वी लोखंड गाळणारे कारागीर होते. मातीची भट्टी, लाकडी कोळसा, भाता आणि डोंगरचा काळा-तांबडा दगड, एवढेच त्यांचे भांडवल. शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंशांहून जास्त उष्णता लागते. त्यांच्या भट्टीत तेवढी होत नसे. त्यामुळे लोखंडाचा रस होत नसे, मळी मिसळलेला मऊ गोळा निघे. तो तापवून, ठोकून, मळी काढूनच लोखंड हाती येई. म्हणजेच तुमची कढई बिडाची असेल तर ती रानच्या भट्टीची नव्हे, बाहेरच्या ओतशाळेची. घडीव असेल तरच आपल्या माणसाच्या हातची असण्याचा संभव आहे.

संभव म्हणण्याचे कारण आहे. रेल्वेने स्वस्त विलायती लोखंड आले, आणि जंगलाच्या कायद्यांनी कोळशासाठी लाकूड तोडायला आडकाठी आली. रानच्या भट्ट्या विझल्या. पुढे लोहार बाजारचा पत्रा घेऊन त्याचीच कढई करू लागला. पत्र्याची जाडी सगळीकडे सारखी असते. गोळ्यापासून ठोकलेल्या कढईची जाडी बोटांना कमी-जास्त लागते. जंगाने खाल्लेल्या जागी लाकडासारखे तंतू दिसले तर ते जुन्या पद्धतीचे लोखंड. पण जुने विलायती घडीव लोखंडही असेच दिसते. तेव्हा नुसत्या तंतूंवर निकाल देऊ नका.

मग निकाल कशावर द्यायचा? गावाच्या शिवारात काळी, काचेसारखी, जड मळी नांगराला लागते का ते पाहा. लागत असेल तर जवळपास भट्टी होती. आणि घरातल्या सगळ्यांत वृद्ध बाईला विचारा: ही कढई कुठून आली, लोहार कोणत्या गावचा, मोबदला पैशात दिला की धान्यात? कारखानदार आपले नाव ओतून ठेवतो. लोहाराचे नाव फक्त म्हातारीच्या तोंडी असते. ती गेली की नावही गेले.

आपल्या जिल्ह्याच्या लोखंडाची कीर्ती काही लहान नव्हती. १८८२ साली फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाची तारीफ होती. पुढे टाटांची माणसे इथे शोध घेऊनही गेली, पण कारखाना अखेर दूर साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला झाला. लोहारा हे नाव मात्र आपल्याकडेच राहिले. अशी नावे उगाच पडत नाहीत.

तेव्हा बाई, कढई पुसून, तेलाचा हात लावून ठेवा. तिच्यात पूर्वी शिसे वितळवले असेल किंवा फवारणीचे औषध कालवले असेल, तर स्वयंपाकाला वापरू नका. तशी शंका नसेल तर खुशाल भाजी करा. आणि आजच एका वहीत चार ओळी लिहा: कढई कोणाची, कोणी केली, कोणी सांगितले. भंगारवाला पुढच्या बाजारालाही येईल. सांगणारी म्हातारी असेलच असे नाही.