सुट्या पेट्रोलचा डबा

लाहौलच्या खोऱ्यात, चंद्रा आणि भागा या नद्यांच्या संगमावर वसलेल्या तांडी येथील पेट्रोलपंपावर, पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचे बजावणारा फलक कित्येक वर्षे उभा होता. आणि मनालीहून लेहकडे निघालेल्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनी त्याच्यापुढे छायाचित्रे काढून घेण्यात जो उत्साह दाखविला, तो त्यावरील आकड्याचा हिशेब करण्यात क्वचितच दाखविला. हिशेब तसा सोपा आहे. तेरा लिटरांची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटरांची सरासरी धरली तर ३९० किलोमीटरांची बेगमी होते. परंतु वाटेतल्या बारालाचा खिंडीची चढण लागून सरासरी पंचविसावर उतरली, की तीच टाकी ३२५ किलोमीटरांवर हात टेकते. उरलेली वाट पाच लिटर जादा पेट्रोलात निर्वेध पार पडते. हौसेने वीस लिटर लादणाऱ्याने आपल्या पाठीशी केवळ संकट बांधलेले असते.

खरा प्रश्न भांड्याचा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाच्या आठव्या कलमाने, विक्रीचा हेतू नसल्यास, ३० लिटरांपर्यंत पेट्रोल विनापरवाना बाळगण्याची मुभा दिली आहे. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे, काचेचे भांडे एका लिटरहून आणि धातूचे २५ लिटरांहून मोठे नसावे, असे बंधनही घातले आहे. प्लास्टिकचा त्यात उल्लेखच नाही. तरीही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत पेट्रोल भरून ती कपड्यांच्या पिशवीत खोचणारे महाभाग पदोपदी भेटतात. घाट चढताना बाहेरील हवेचा दाब उतरतो, बाटली फुगते, बुचाच्या आट्यांतून पेट्रोल पाझरते, आणि हवेहून जड असलेली त्याची वाफ पिशवीच्या तळाशी साचून राहते; अशा वेळी एक ठिणगी पुरते. धातूचा डबासुद्धा गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवावा, नळीचे तोंड त्याच्या काठाला टेकवून भरावा, आणि वाफेसाठी वर थोडी जागा मोकळी सोडावी.

बंदोबस्ताच्या दिवसांत जिल्हाधिकारी सुट्या पेट्रोलावर सरसकट मनाई करतात. त्यामागील हेतू मला मान्य आहे. परंतु अशा हुकुमामुळे अडलेला वाटसरू अखेर किराणा दुकानातल्या बाटलीकडेच वळतो, आणि तिच्यातील भेसळीचा जाब विचारायला कोणी अंमलदार तेथे हजर नसतो. सबब मनाई प्लास्टिकला असावी, धातूच्या बंद डब्याला नसावी. आणि दुर्गम मार्गांवरील पंपचालकांनी असे डबे अनामत रकमेवर देण्याची तजवीज तेल कंपन्यांनी करावी.