दोन दिवस, दोघंच आणि बुसान

मुलांच्या परीक्षा संपल्या, आजी-आजोबांनी ‘जा, आम्ही बघतो’ म्हटलं, रजाही मंजूर झाली. तरीही दोघांनीच फिरायला जायचं म्हटलं की मन जरा कचरतं. मुलांना सोडून कसं जायचं? लोक काय म्हणतील? एवढा खर्च फक्त दोघांवर? या प्रश्नांची उत्तरं सापडेपर्यंत रजा संपते आणि सहल पुढच्या वर्षावर ढकलली जाते. यंदा ती ढकलू नका.

कोरियन मालिका आणि गाण्यांमुळे आपल्याकडच्या अनेक जोडप्यांना दक्षिण कोरियाचं वेड लागलं आहे. नोकरी-शिक्षणासाठी तिथे राहणारी भारतीय जोडपीही आहेत. बहुतेक जण राजधानी सोल पाहतात आणि परततात. तुमच्या सहलीत एक शनिवार-रविवार मोकळा असेल तर तो बुसानला द्या. हे कोरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या जागेत तीस लाखांहून अधिक माणसं. सोलहून केटीएक्स ही वेगवान रेल्वे अडीच-पावणेतीन तासांत इथे आणून सोडते. शुक्रवारी संध्याकाळी निघालात तर रात्रीच्या जेवणाला तुम्ही समुद्रकाठी असाल.

बुसान जोडप्यांनी का पाहावं, याचं आणखी एक कारण आहे. १९५० ते १९५३ या युद्धकाळात बराच काळ बुसान ही देशाची तात्पुरती राजधानी होती. उत्तरेकडून जीव मुठीत धरून पळालेली लाखो माणसं इथे आली. वाटेत नवरा-बायकोची, आई-मुलांची ताटातूट झाली आणि या शहरात माणसं वर्षानुवर्षं एकमेकांना शोधत राहिली. ‘ओड टू माय फादर’ हा २०१४ चा कोरियन चित्रपट याच ताटातुटीवर आहे. तो पाहिला नसेल, तरी त्यावरून बनलेला सलमान खानचा ‘भारत’ तुम्ही नक्की पाहिला असेल. मूळ चित्रपटातलं ते दुकान बुसानच्या गुकजे बाजारातलं आहे. जवळच्या माणसाची किंमत काय असते, हे या शहराला चांगलं ठाऊक आहे.

निघण्याआधी एक करार करा

दोघांच्या सहलीत भांडणं होतात ती बहुधा यादीमुळे. दोन दिवसांत पंधरा ठिकाणं पाहायची म्हटली की एक जण घड्याळ पाहतो, दुसरा पाय दुखतात म्हणतो. त्यात तिकिटं, औषधं, खाऊ, घरी फोन ही सगळी जबाबदारी बहुतेक वेळा बायकोवरच येते. मग ती सहलीतही घरच चालवत असते.

म्हणून घरीच कामं वाटून घ्या. एकाने व्हिसाची कागदपत्रं आणि हॉटेल पाहावं, दुसऱ्याने रेल्वे, जेवण आणि पैशांचा हिशेब. घरी फोन दिवसातून एकदा, दोघांनी मिळून. प्रत्येकाने आपल्या आवडीची दोन ठिकाणं निवडावीत. बाकी वेळ रिकामा ठेवा. दुसऱ्याने निवडलेल्या ठिकाणी नाक मुरडायचं नाही, एवढा एकच नियम.

शनिवार : जुनं बुसान

सकाळी गामचॉन या डोंगरउतारावरच्या वस्तीपासून सुरुवात करा. मेट्रोच्या पहिल्या मार्गावर तोसॉन्ग स्टेशनला उतरून छोटी बस पकडा, चढण वाचेल. एकावर एक रचलेली निळी, गुलाबी, पिवळी घरं पाहून पहिल्यांदा मोबाइल बाहेर निघतो, ते साहजिकच आहे. पण ही वस्ती सुंदर दिसावी म्हणून बांधलेली नाही. युद्धाच्या काळात निर्वासितांनी आणि एका धार्मिक पंथाच्या अनुयायांनी इथे डोंगरावर आसरा घेतला. पुढे बरीच घरं ओस पडली. २००९ मध्ये कलावंतांनी आणि रहिवाशांनी मिळून भिंती रंगवायला, शिल्पं उभारायला सुरुवात केली आणि वस्तीचं नशीब पालटलं. आजही इथे कुटुंबं राहतात. वाळत घातलेले कपडे, दारातल्या कुंड्या यांचे फोटो काढताना खिडकीत डोकावू नका, आवाज हळू ठेवा.

लिटल प्रिन्सच्या पुतळ्याशेजारी बसून फोटो काढण्यासाठी मोठी रांग असते. दोघांपैकी एकाला तो फोटो हवाच असेल तर दुसऱ्याने कुरकुर न करता रांगेत उभं राहावं. करार आठवतो ना?

गामचॉनजवळच आमी-दोंगची ‘शिलालेखांची वस्ती’ आहे. जपानी राजवटीत इथे जपानी लोकांची दफनभूमी होती. निर्वासितांना दुसरी जागा मिळेना, तेव्हा त्यांनी थडग्यांवरच घरं उभारली. थडग्याचे दगड पायऱ्यांना, भिंतींच्या पायाला लावले. काही दगड आजही दिसतात. घर म्हणजे काय, या प्रश्नावर इथून बाहेर पडल्यावर तुम्ही दोघं नक्की बोलाल.

दुपारी खाली नाम्पो भागात या. इथला जागाल्ची हा कोरियातला प्रसिद्ध मासळीबाजार. युद्धानंतर घर चालवायला बायकांनीच इथे टोपल्या मांडल्या, आणि बाजार आजही त्यांच्या खणखणीत आवाजावर चालतो. मासे खात नसाल तरी एक फेरी मारा. शाकाहारी मंडळींसाठी शेजारच्या बिफ चौकात गरमागरम सिआत होत्तोक मिळतं. तव्यावर तळलेली जाडसर गोड पोळी मध्ये कापून तिच्यात सूर्यफुलासारख्या बियांचं सारण भरतात. एक घ्या, दोघांत खा. मग दुसरं घ्यावंच लागतं.

आता योन्गदो पुलाकडे चला. १९३४ मध्ये बांधलेला हा उघडझाप होणारा पूल. युद्धात घर सोडताना कोरियन माणसांना बुसानमधली एकच जागा ऐकून ठाऊक होती. ‘चुकामूक झाली तर योन्गदो पुलावर भेटू’ असं एकमेकांना सांगून ती निघाली. माणसं इथे येऊन वाट पाहत. कठड्यावर नावांच्या चिठ्ठ्या लटकत. पुलाखाली ज्योतिषांची रांग लागली, कारण आपलं माणूस जिवंत आहे का, एवढंच प्रत्येकाला विचारायचं होतं. २०१३ मध्ये पूल नव्याने बांधून पुन्हा उघडण्याजोगा केला. शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास त्याचा एक भाग वर उचलला जातो. निघण्यापूर्वी वेळेची खात्री करा आणि पंधरा मिनिटं आधी पोहोचा. त्या वेळी मोबाइल खिशात ठेवून नुसतं बघा.

आपलाही इथे एक धागा आहे. १९५० च्या नोव्हेंबरमध्ये भारतीय सैन्याचं ६० पॅरा फील्ड अॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली बुसानलाच उतरलं होतं. या पथकाने सैनिकांबरोबर सामान्य कोरियन नागरिकांवरही उपचार केले.

संध्याकाळ मात्र हलकीफुलकी असू द्या. मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाने ग्वांगआल्ली किनाऱ्यावर या. समोर समुद्रावरून गेलेला सुमारे ७.४ किलोमीटर लांबीचा ग्वांगआन पूल रात्री दिव्यांनी उजळतो. शनिवारी रात्री इथे ड्रोनचा खेळ असतो. शेकडो ड्रोन आकाशात चित्रं काढतात. वाळूवर सतरंजी पसरा, गरम कॉफी घ्या. आजूबाजूला एकसारखे कपडे घातलेली कोरियन जोडपी दिसतील. तो तिथला लाडका रिवाज आहे. तुम्हीही एकाच रंगाचे टी-शर्ट घालून पाहा, इथे कुणी हसणार नाही.

रविवार : समुद्र आणि शांतता

रविवारी लवकर उठा. हेदोंग योंगगुन्सा हे मंदिर खडकाळ समुद्रकिनाऱ्यावर आहे. कोरियातली बहुतेक बौद्ध मंदिरं डोंगरात असतात, म्हणून हे वेगळं. हेउन्देहून १८१ क्रमांकाची बस किंवा टॅक्सी मिळते. मंदिरात जायला तिकीट नाही. बारा राशिप्राण्यांच्या मूर्तींपासून पुढे १०८ पायऱ्या उतरल्या की समोर लाटा. १३७६ मध्ये नाओंग या भिक्षूने हे स्थापन केलं, असं सांगतात. या नाओंगचे गुरू होते मगधातून आलेले भारतीय भिक्षू ध्यानभद्र. तिथे ते जिगोंग नावाने ओळखले जातात. उशिरा गेलात तर गर्दीत पायऱ्यांवर धक्के खावे लागतील, त्यामुळे सकाळचीच वेळ साधा.

तिथून टॅक्सीने सोंगजॉन्गला या. समुद्रालगतच्या जुन्या रेल्वेमार्गावर आता पर्यटकांसाठी हळू चालणारी गाडी आहे. तिने चॉन्गसापोपर्यंत जा. पुढे मिपोपर्यंत छोट्या रंगीत डब्यातून, उंचावरच्या रुळांवरून जाता येतं. हा प्रवास सुमारे अर्ध्या तासाचा. डब्यात फक्त तुम्ही दोघं आणि खाली समुद्र. घरात स्वयंपाकघर आणि टीव्हीच्या मध्ये जे बोलणं राहून जातं, त्याला ही अर्ध्या तासाची जागा चांगली आहे. शनिवार-रविवारी तिकिटं लवकर संपतात. आठवडाभर आधी ऑनलाइन काढून ठेवा.

मिपोला उतरून चालत हेउन्देच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर जा. पाय थकले असतील तर जिमजिलबांग या कोरियन स्नानगृहात दोन तास घालवा. गरम पाण्याची कुंडं स्त्री-पुरुषांसाठी वेगळी असतात आणि तिथे कपड्यांशिवायच जावं लागतं. संकोच वाटत असेल तर फक्त सगळ्यांसाठी असलेल्या गरम खोल्यांत, तिथले कपडे घालून एकत्र बसा.

एका भारतीय राणीची गोष्ट

तुमचं परतीचं विमान गिम्हे विमानतळावरून असेल तर थोडा वेळ हाताशी ठेवा. सासांग स्टेशनहून निघणारी छोटी रेल्वे विमानतळावरून पुढे गिम्हे शहरात जाते. तिथे राजा सुरो आणि राणी हो ह्वांग-ओक यांच्या समाध्या आहेत. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात कथा आहे की, इ.स. ४८ मध्ये सोळा वर्षांची ही राजकन्या ‘आयुता’ देशातून जहाजाने आली आणि सुरोशी तिचं लग्न झालं. आयुता म्हणजे अयोध्या, असं अनेक जण मानतात, इतिहासकारांत मात्र एकमत नाही. अयोध्येत शरयूकाठी २००१ मध्ये तिचं स्मारक उभं राहिलं.

आपल्या वाचक मैत्रिणींना या कथेतला पुढचा भाग जास्त आवडेल. राणीला दहा मुलगे झाले. माहेरचं नाव पुढे चालावं, ही तिची इच्छा होती. राजाने दोन मुलांना आईचं ‘हो’ हे आडनाव दिलं. म्हणूनच गिम्हेचे किम आणि गिम्हेचे हो ही घराणी एकाच रक्ताची मानली जातात आणि त्यांच्यात परंपरेने लग्नं होत नसत. कथा असली तरी नवऱ्याने बायकोच्या माहेराचा ठेवलेला मान त्यात आहे.

खाणं-पिणं आणि चार शब्द

• शाकाहारी असाल तर काळजी घ्या. किमचीत बहुधा मासळीचा सॉस असतो आणि सुपाचं पाणी मांस किंवा सुकटीचं असतं. बिबिम्बाप हा भाताचा प्रकार मांस आणि अंडं न घालता मागता येतो. ‘मांस, मासे, अंडं नको’ हे पापागो अॅपवर कोरियनमध्ये लिहून दाखवा.

• मांसाहारी मंडळींनी द्वेजी गुकबाप, म्हणजे डुकराच्या मांसाचं भात घातलेलं गरम सूप, चाखावं. मिलम्यॉन या थंड शेवयाही बुसानच्याच. उत्तरेतल्या निर्वासितांना कुट्टूच्या पिठाच्या शेवयांची सवय होती. इथे मदत म्हणून आलेलं गव्हाचं पीठ मिळालं, त्याच्याच त्यांनी केल्या.

• रस्ता शोधायला गुगलपेक्षा नेव्हर मॅप जास्त उपयोगी. टी-मनी कार्ड मेट्रो आणि बस दोन्हीकडे चालतं. ते भरायला थोडे रोख वॉन जवळ ठेवा.

• एप्रिल-मे आणि ऑक्टोबर हे महिने उत्तम. जून-जुलैत पाऊस, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांची शक्यता.

• भाषेची भीती नको. ‘आन्यॉन्गहासेयो’ म्हणजे नमस्कार, ‘काम्साहाम्निदा’ म्हणजे धन्यवाद. तिथली मुलंही वडिलांना ‘आप्पा’ म्हणतात. आणि नवरा-बायको एकमेकांना ‘योबो’ अशी हाक मारतात. ‘इकडे बघा’ या अर्थाच्या शब्दांपासून ती आली, असं म्हणतात. म्हणजे आपल्या ‘अहो, ऐकलंत का?’ची कोरियन बहीणच.

परतताना मुलांसाठी मोजे आणि कोरियन खाऊ घ्याच, पण काय काय पाहायचं राहिलं याचा हिशेब मांडू नका. या शहरात एकेकाळी माणसं पुलावर उभी राहून आपल्या माणसाची वाट पाहत होती. तुमचं माणूस दोन दिवस तुमच्या शेजारीच होतं आणि त्याच्याशी निवांत बोलता आलं, तर सहलीचे पैसे वसूल झाले समजा. पुढच्या वर्षीची तारीख मात्र परतीच्या गाडीतच ठरवून टाका. घरी पोहोचलात की पुन्हा परीक्षा, पाहुणे आणि गॅस सिलिंडर आहेतच.