‘बरं’ म्हटलं म्हणजे कळलं असं नाही

कुठल्याही सरकारी हॉस्पिटलच्या औषधखिडकीपाशी दहा मिनिटं उभे राहा. केसपेपर हातात धरून कुणीतरी शेजारच्याला विचारतंच, ‘‘ही गोळी कधी घ्यायची हो?’’ डॉक्टरांनी ते नुकतंच सांगितलेलं असतं. पेशंटनं मान डोलावून ‘बरं’ही म्हटलेलं असतं.

यात पेशंट अडाणी नसतो आणि डॉक्टरही उद्धट नसतो. डॉक्टरांनी सांगितलेल्यातलं बरंचसं पेशंट लगेच विसरतो आणि आधी सांगितलेलं जास्त लक्षात राहतं, हे फिलिप ले या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकातच दाखवून दिलंय. म्हणजे महत्त्वाचं आधी सांगायचं, थोडक्यात सांगायचं आणि शेवटी ‘कळलं का?’ऐवजी ‘घरी गेल्यावर गोळ्या कशा घेणार, सांगा बघू’ असं विचारायचं. खर्च शून्य. पण हे शिकवणार कोण?

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९पासून ‘एटकॉम’ आलं. वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद असे त्याचे विषय. मृतदेहाकडे आपला पहिला शिक्षक म्हणून बघायला लावणारा भागही त्यात आहे. कल्पना झकासच! पण हे तास बहुतांशी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मेडिसिनचे प्राध्यापकच घेतात. घाबरलेला माणूस काय ऐकतो, काय ऐकत नाही हा ज्यांचा अभ्यासाचा विषय, ते मानसशास्त्रज्ञ मात्र पाहुणे. तेही ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’च्या एका भाषणापुरते. शाल, श्रीफळ, ग्रुप फोटो.

नाहीतर काही वाईट घडल्यावर त्यांची आठवण होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४मध्ये आला. त्यांच्या ऑनलाइन पाहणीत सुमारे १६ टक्के एमबीबीएस विद्यार्थ्यांनी वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगितलं. समुपदेशक हवेतच, प्रश्नच नाही. पण सलग ३६ तास ड्यूटी करणाऱ्या निवासी डॉक्टरला ‘दीर्घ श्वास घ्या’ सांगून काय होणार? ड्यूटीचं वेळापत्रक ठरतं त्या टेबलावर मानसशास्त्रज्ञाला खुर्ची हवी.

पुण्यात तर हे सहज जमेल. बी. जे. मेडिकल स्टेशनजवळ, विद्यापीठाचा मानसशास्त्र विभाग गणेशखिंडीत. मानसशास्त्राच्या मुलांनी पेशंट व्हायचं, भावी डॉक्टरांनी त्यांना ‘तुम्हाला शुगर आहे’ हे सांगायचं, मग दोन्हीकडच्या प्राध्यापकांनी रेकॉर्डिंग लावून सगळ्यांची शाळा घ्यायची. फर्ग्युसनच्या सायकॉलॉजीवाल्यांनो, इंटर्नशिप शोधताय ना? आधी इथे विचारून बघा.