न आलेलं मत कुणाचं?

गावातलं दारूचं दुकान बंद करायचं म्हणून बायका घरोघर फिरतात, सह्या-अंगठे जमवतात, तहसीलला खेटे घालतात. मतदानाचा दिवस उजाडतो. आडव्या बाटलीला उभ्या बाटलीहून कितीतरी जास्त मतं पडतात. तरीही दुकान चालूच राहतं. ‘मग आम्ही बोललो ते गेलं कुठं?’ असं बायका विचारतात.

ते नियमात गेलं. 2008 च्या आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. यादीत 1000 बायका आहेत, 520 आल्या, त्यांतल्या 480 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, तरी त्या हरल्या! ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन परगावी गेलेली, नवऱ्याने घराबाहेर पडू न दिलेली, एवढंच काय, नाव न कमी झालेली मयत बाईसुद्धा दारूच्या बाजूने धरली जाते. आमदार निवडताना मात्र न आलेली मतं कुणी कुणाच्या पदरात टाकत नाही.

बाईच्या गप्प राहण्याचा अर्थ दुसऱ्यांनी लावायचा, ही रीत जुनीच. आपण ओरडलो, असं मथुरा सांगत होती. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने ते खोटं ठरवलं, अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती धरली आणि पोलिसांना सोडलं. त्याविरुद्ध देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे 1983 साली कायदा बदलला.

गेली कित्येक वर्षं आपण शिबिरांतून बायकांना बोलतं करतो आहोत. ते हवंच. पण बायका बोलल्या आणि मोजणाऱ्याने मोजलंच नाही, तर दुसऱ्या खेपेला त्या घराबाहेर पडत नाहीत. ‘बायकांना उत्साहच नाही’ असा शेरा मारायला मग सगळे मोकळे.

म्हणून मैत्रिणींनो, मागणी एकच करू या: झालेल्या मतदानातलं बहुमत धरा. तोवर अर्ज देण्याआधी मतदार यादी घेऊन बसा, मयत आणि परगावी गेलेल्यांची नावं कमी करून घ्या, ऊसतोडीच्या हंगामात तारीख लागू देऊ नका. आपलं गप्प राहणं कुणाला परस्पर वापरू द्यायचं नाही.