वापरून पाहिलं : उघड्या पाठीचा हेडफोन

मैत्रिणींनो, मिक्सर, गीझर, शिवणयंत्र यांच्याबद्दल या सदरात आपण पुष्कळ बोललो. आजची वस्तू मात्र स्वयंपाकघरातली नाही. तिच्यामुळे घरातलं एकही काम कमी होत नाही की चार पैसे वाचत नाहीत. ती निव्वळ आपल्यासाठी आहे, स्वस्थ बसून गाणं ऐकण्यासाठी. म्हणूनच ती घेताना आपला हात जरा आखडतो. माझाही आखडला होता. भिशीचे पैसे हाती आले तेव्हा कुठे धीर झाला. आज दीड वर्ष ती वापरते आहे, तेव्हा आता अनुभवाचं चार शब्द सांगायला हरकत नाही.

‘उघड्या पाठीचा’ म्हटल्यावर काहीजणींना शिंप्याकडे टाकलेला ब्लाऊज आठवेल! पण ही पाठ हेडफोनची. ती उघडी असली तर काय होतं आणि बंद असली तर काय, हे एकदा कळलं की आपल्या घराला कोणता बरा ते आपलं आपल्यालाच ठरवता येतं.

उघडी पाठ म्हणजे काय?

डोक्यावरून पट्टी जाते आणि दोन्ही कानांवर दोन वाट्या बसतात, तो हेडफोन तुम्ही पाहिला असेलच. प्रत्येक वाटीत एक पातळ पडदा असतो. तो पुढे-मागे थरथरतो आणि त्यातून आवाज निघतो. गंमत अशी, की आवाज पडद्याच्या पुढूनही निघतो आणि मागूनही. पुढचा आपल्या कानात येतो. मागच्याचं काय करायचं?

नेहमीच्या हेडफोनमध्ये वाटीची बाहेरची बाजू प्लॅस्टिकनं बंद केलेली असते. मागचा आवाज आतच कोंडून राहतो. त्यामुळे बाहेरचं कमी ऐकू येतं आणि आपलं गाणं बाहेर जात नाही. पण डब्यात तोंड घालून बोललं तर जसा घुमारा येतो, तशातला थोडा घुमारा गाण्यालाही येऊ शकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये बाहेरच्या बाजूला नुसती जाळी असते. मागचा आवाज जाळीतून निघून जातो, गाणं मोकळं वाटतं. बंद खोलीत बसून ऐकणं आणि ओसरीवर बसून ऐकणं यात जो फरक, तोच इथे.

ही कल्पना काही नवी नाही. जर्मनीतल्या सेनहायझर कंपनीनं १९६८ साली एच.डी. ४१४ नावाचा असा पहिला हेडफोन बाजारात आणला. पिवळ्या स्पंजच्या गाद्यांचा तो हेडफोन लाखोंनी खपला. माझ्याकडचा त्याच घराण्यातला, एच.डी. ५९९. हा २०१६ साली निघाला. रंग सायीसारखा, वर तपकिरी पट्टी. वजन २५० ग्रॅम, म्हणजे पाव किलो. कानावरच्या गाद्या मखमली आहेत. तास-दीड तास घातला तरी कान दुखत नाहीत. आणि वारा खेळता असल्यामुळे एप्रिल-मेमध्येसुद्धा कानाशी घामाची चिकचिक फारशी होत नाही.

गाणं कसं लागतं?

पहिली गोष्ट, गाणं डोक्याच्या आत कोंबल्यासारखं वाटत नाही. तानपुऱ्याची जवारी वेगळी, तबल्याच्या चाटेवरचं बोट वेगळं, गाणाऱ्याचा तान घेण्याआधीचा श्वास वेगळा, असं सगळं सुटं सुटं ऐकू येतं. खोलीत रेडिओ लावून ऐकलेली गाणी यावर ऐकली, तेव्हा मागे एक सारंगी आहे हे मला कितीतरी गाण्यांत प्रथमच कळलं.

मात्र जुन्या ध्वनिमुद्रणांकडून भलती अपेक्षा ठेवू नका. ‘गीतरामायण’ १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं, तो काळ एकमार्गी ध्वनिमुद्रणाचा. त्या काळच्या मूळ मुद्रणात दोन्ही कानांना एकच आवाज मिळतो, म्हणून गाणारा बरोबर मधोमध उभा असल्यासारखा वाटतो. कितीही महागडा हेडफोन आणा, तो त्याला डावी-उजवीकडे पसरवू शकत नाही. पुढच्या काळात स्टीरिओ आलं, तेव्हापासूनच्या मुद्रणांत मात्र वाद्यं आपापल्या जागी बसलेली दिसू लागतात. हो, ‘दिसू लागतात’ असंच म्हणते!

जुन्या तबकड्यांची खरखर हा हेडफोन मुळीच लपवत नाही. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात पाठवली. जेमतेम साडेतीन मिनिटांचं ते मुद्रण. यावर ऐकताना आधी तबकडीची खरखर कानावर येते. पण अर्ध्या मिनिटात कान खरखर बाजूला सारतो आणि मग तो भरदार, सरळ लागलेला स्वर तेवढा उरतो. तांदूळ निवडायला बसावं आणि थोड्या वेळानं खडे आपोआप दिसू लागावेत, तसं काहीसं होतं.

उणी बाजूही सांगते. ज्यांना ढोल-ताशा, ढोलकीची थाप छातीत घुमायला हवी, त्यांची यावर निराशा होईल. थाप स्वच्छ ऐकू येते, पण घुमत नाही. मागचा आवाज जाळीतून गेला की त्याबरोबर खर्जातली थोडी गुंज जायचीच.

कुणी घेऊ नये?

जाळीतून बाहेरचं आत येतं, तसं आतलं बाहेरही जातं. हे लक्षात न घेता घेतला तर पस्तावाल.

लोकल, एस. टी., बस यांत हा अगदी निरुपयोगी. गाडीचा खडखडाट सगळा आत येईल आणि तुमचं गाणं शेजारणीला फुकट मिळेल.

रात्री दिवा मालवल्यावर अंथरुणात ऐकायचं असेल तरीही नको. शेजारी झोपलेल्या माणसाला डासासारखी बारीक किणकिण ऐकू जाते. आमच्याकडे ह्यांनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली.

आणि एक खास सूचना. बहिणीनं मोबाईलवर पाठवलेले बोलके निरोप यावर ऐकताना आजूबाजूला कोण बसलंय ते आधी पाहा. कानाला लावलंय म्हणजे आपल्यालाच ऐकू येतंय, असा समज इथे चालायचा नाही! माहेरच्या गोष्टी चार माणसांत उघड व्हायला वेळ लागणार नाही.

घेताना काय पाहावं?

१. खोक्यावर ‘ओहम’चा आकडा लिहिलेला असतो. एच.डी. ५९९ चा आकडा ५० आहे. तो साध्या फोनवरही व्यवस्थित वाजतो. याच कंपनीचा एच.डी. ६०० चांगला नावाजलेला आहे, पण त्याचा आकडा ३००. त्याचं गाणं खुलायचं तर बहुधा आवाज वाढवणारं वेगळं यंत्र जोडावं लागतं. घरातल्या वापराला कमी आकड्याचा बरा.

२. आपल्या फोनला हेडफोनचं गोल भोक आहे का ते आधी बघा. हल्लीच्या पुष्कळ फोनना ते नसतं. मग एक छोटा जोड वेगळा घ्यावा लागतो.

३. एच.डी. ५९९ बरोबर दोन तारा येतात. ३ मीटरची तार घरच्या मोठ्या यंत्रासाठी आणि १.२ मीटरची फोनसाठी. मी नेहमी आखूडच वापरते. लांब तार खुर्चीच्या पायात अडकते, नाहीतर रांगत्या मुलाच्या हाती लागते. शेगडीजवळ तर कुठलीच तार नको.

४. दुकानात दहा मिनिटं तरी डोक्यावर घालून बसा. अंबाडा असेल तर पट्टी कुठे टेकते, चष्म्याची काडी रुतते का, हे बघा. दुकानदार घालू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा. पावती आणि हमीपत्र जपून ठेवा.

५. किमती चढत-उतरत असतात. मला दहा हजारांच्या आत-बाहेर पडला. घाई नसेल तर दसरा-दिवाळीच्या सवलतीपर्यंत थांबायला हरकत नाही.

निगा

डोक्याला तेल लावलं त्या दिवशी हेडफोन नको. मखमल तेल धरते आणि मग वास काही केल्या जात नाही. कानातले झुमके काढून ठेवा. तार मंगळसूत्रात गुंतते, म्हणून ती पदराच्या बाहेरून घ्या. जाळीला ओलं फडकं लावू नका, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका. स्वयंपाकघरात टांगून ठेवू नका, फोडणीचा धूर जाळीतून सरळ आत जातो. पावसाळ्यात जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवा. नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी येते, तीही सोबत टाका. गाद्या झिजल्या तर नव्या मिळतात, त्यासाठी सगळा हेडफोन टाकून द्यावा लागत नाही.

आवाज किती ठेवावा?

बाहेरचं ऐकू येत असल्यामुळे पंख्याची घरघर, रस्त्यावरचे भोंगे आत येतात आणि हात आवाज वाढवायला जातो. हा मोह आवरा. कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं, की मोठ्या माणसानं ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्यात फार तर ४० तास ऐकावा. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की वेळ निम्म्यावर आणायचा. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तासच उरतात.

आता डेसिबल मोजायला आपल्याकडे काटा कुठला? पण उघड्या पाठीच्या हेडफोनला एक सोपी कसोटी आहे. हातभर अंतरावरून कुणी साध्या आवाजात बोललं तर ते तुम्हाला कळलं पाहिजे. नाही कळलं, तर आवाज जास्त आहे, कमी करा. आणि हेडफोन काढल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं वारंवार होत असेल तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

एक कान घराकडे

शेवटी मुद्द्याचं बोलते. पुष्कळजणी म्हणतात, “गाणं ऐकावंसं वाटतं हो, पण कान बंद करून बसले आणि घरात काही झालं तर?” कुणाकडे पाळण्यात मूल असतं, कुणाकडे सासरे अंथरुणाला खिळलेले. अशा घरांत बंद हेडफोन घालून बसायला जीव धजत नाही, आणि ते बरोबरच आहे. त्यांना मी हा हेडफोन निःशंकपणे सुचवीन. यात कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. दाराची बेल ऐकू येते. सासूबाईंची हाक पहिल्यांदाच ऐकू येते, दुसऱ्यांदा मारावी लागत नाही.

पण याची दुसरी बाजू मला दीड वर्षात कळली, ती सांगितल्याशिवाय हे लिहिणं पुरं व्हायचं नाही. सगळं ऐकू येतं म्हणून सगळ्याला आपणच उठतो! बेल वाजते, त्या वेळी दाराजवळ मुलगा बसलेला असतो, बाहेर सोफ्यावर हे पेपर वाचत असतात. त्यांनाही बेल ऐकू आलेली असते. तरी हेडफोन काढून उठणारी आपणच. मग भैरवीची ती साडेतीन मिनिटंसुद्धा सलग मिळत नाहीत.

तेव्हा हेडफोन घरी आणाल त्याच दिवशी घरातल्या सगळ्यांना बसवून एक गोष्ट ठरवून घ्या. आमच्याकडे असं ठरलं आहे, की माझ्या डोक्यावर हेडफोन असेल तेव्हा बेल वाजली तर दाराजवळ असेल त्यानं उठायचं, आणि शिट्ट्या झाल्या तर गॅस बंद करणं कुणालाही जमतं. मला ऐकू आलं, याचा अर्थ मीच उठलं पाहिजे असा नाही. खरीच अडचण असेल तर हाक मारावी, मी आहेच. पहिले आठ दिवस सगळ्यांना आठवण करून द्यावी लागली. आता सवय झाली आहे. दुपारी तीन ते चार ही माझी वेळ, हे दूधवाल्यालासुद्धा माहीत झालंय.

घराकडे एक कान असू द्यावा, तो आपला जीव आहे. पण दुसरा कान आपला स्वतःचा असू द्या. हे ठरवण्याचं काम हेडफोन करत नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वी कडधान्यं कशी भरून ठेवावीत, याबद्दल बोलू.